अक्कांच्या गच्चीवरचा भोपळा

अक्कांनी मला गच्चीचा पूर्वेकडचा कोपरा दिला तो पोंगलपर्यंतच्या मुदतीवर. तोवर माझ्या आठ कुंड्यांतलं झाड काही कामाचं आहे असं त्यांना पटलं तर कुंड्या राहणार होत्या, नाही पटलं तर सगळ्या खाली. पोंगल उरकला की चेन्नईचं ऊन चढायला लागतं आणि गच्ची वडाम घालायला लागते. वडाम म्हणजे तांदळाच्या कुरडयाच म्हणा. दर वर्षी अक्का चार डबे भरून वडाम करत आणि त्यातला पाऊण डबा स्वतः खात.

अक्का आमच्या घरमालकीण. अण्णा नगरातल्या दुमजली घरात खाली त्या एकट्या आणि वर आम्ही नवरा-बायको. बँकेने माझी पुण्याहून बदली केली, मागोमाग नवऱ्याने श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात नोकरी धरली, आणि घर शोधताना आम्हाला या तंजावरच्या मराठी बाई भेटल्या. त्यांच्या घरात कित्येक पिढ्या मराठी बोलली जात होती, पण महाराष्ट्र त्यांच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. त्यांची मराठी जुन्या पत्रातल्यासारखी होती आणि चाल पूर्ण तमिळ. “आमचीं माणसें” म्हणून त्यांनी आम्हाला घर दिलं आणि पुढची दोन वर्षं आम्ही कशी त्यांची माणसं नाही हे दाखवून देण्यात घालवली. आमटीत गूळ घालतो इथपासून त्यांची सुरुवात होती.

झाड होतं नॅस्टर्शियमचं, एका नाजूक विलायती फुलवेलाचं. धाकट्या बहिणीने पुण्याहून बिया पाठवल्या, हरभऱ्याएवढ्या, सुरकुतलेल्या. पहिल्या वर्षी मी त्या जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरल्या, कारण आमच्याकडे लावायचं ते जूनमध्ये हे माझ्या हाडात बसलेलं. रात्रभर भिजवल्या, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल खोचल्या, वहीत तारीख घातली. चेन्नईत पाऊस येतो ऑक्टोबरात आणि जूनमध्ये गच्चीवर अनवाणी उभं राहता येत नाही, हे मी आधीचा अख्खा जून तिथे काढूनही लक्षात घेतलं नव्हतं. एकही कोंब आला नाही.

“बियां पेरल्यास कीं भाजल्यास?” अक्कांनी जिन्यातून विचारलं.

दुसऱ्या वर्षी अक्कांनी तोच कोपरा पोंगलच्या मुदतीवर पुन्हा दिला आणि मी वही सुधारली. पेरणी ऑक्टोबरात, जोराच्या पावसात कुंड्या जिन्याच्या छपराखाली, पाऊस ओसरला की परत उन्हात. रोपं झकास आली. दर रविवारी खत घातलं, तशी पानं बशीएवढी झाली. कळी मात्र एक नाही. बहिणीला फोन केला.

“खत घालतेस? वेडी आहेस का? त्याला उपाशी ठेव. लाड केले की तो नुसता पानं काढत बसतो.”

मी खत बंद केलं, पाणी एक दिवसाआड केलं. पानं आणखी मोठी झाली. एका शनिवारी बँकेतून दुपारीच घरी आले तर अक्का पातेलं घेऊन कुंड्यांपाशी वाकलेल्या. तांदळाचं धुवण ओतत होत्या.

“अक्का, हे रोज घालता?”

“रोपें भुकेलीं दिसलीं. तूं तर त्यांचें खाणें बंद केलेंस.”

“त्यांना उपाशीच ठेवायचंय.”

“पुण्यास असेंच करतात कां?” असं म्हणून त्या खाली गेल्या. धुवण मात्र थांबलं, आणि मार्गळी महिना लागता लागता, म्हणजे डिसेंबरच्या मध्याला, पहिली फुलं आली. पिवळी, नारिंगी आणि काही गडद लाल. प्रत्येक फुलाला मागे बारीक शेपूट.

मग मी झाड कामाचं आहे हे सिद्ध करायच्या मागे लागले. वहीत एक पान त्यासाठीच काढलं. अक्कांच्या हिशेबाने झाड कामाचं म्हणजे ते देवाला तरी चालायला हवं, केसांत तरी माळता यायला हवं, नाहीतर पोटात तरी जायला हवं. देवाला नेलं तर अक्कांनी फुलाचा वास घेऊन ते परत माझ्या हातात ठेवलं. केसांत माळून दाखवलं तर देठ इतका नाजूक की बँकेच्या पायऱ्या चढेपर्यंत फूल कॅशियरच्या काउंटरवर पडलं. राहिलं पोट. पानं आणि फुलं दोन्ही खाता येतात हे मला बहिणीने सांगितलं होतं. मी पानांची दह्यातली पचडी केली, वर तीन फुलं सजवली आणि खाली नेली.

अक्कांनी डोळे मिटून घास चावला. “मोहरी लागते.”

“तशीच चव असते त्याची.”

“घरांत मोहरी आहे गे.”

वहीत तीन फुल्या झाल्या आणि पोंगलला तीन आठवडे राहिले.

त्याच सुमाराला फुलं नाहीशी व्हायला लागली. संध्याकाळी बँकेतून आल्यावर मी फुलं मोजत असे. एका संध्याकाळी सोळा भरली, सकाळी बघते तर सहा. दुसऱ्या दिवशी तेच. वहीत संशयितांची यादी केली: खार, पोपट, कावळे, वारा, झाडलोट करायला येणारी बाई, नवरा. वारा पहिल्याच दिवशी सुटला, कारण कुंडीखाली एक पाकळीही नव्हती. झाडलोटवाल्या बाई दहाशिवाय येत नसत. देठ नखाने खुडल्यासारखे स्वच्छ तुटलेले होते, त्यामुळे पक्षीही गेले. खार राहिली. पण जी फुलं जात ती पिवळी आणि नारिंगी. लाल फुलांना कोणी हात लावत नव्हतं. रंग पाहून फुलं तोडणारी खार माझ्या ऐकण्यात नव्हती.

नवऱ्याला मी रात्री जेवताना यादी वाचून दाखवली. तो रोज पहाटे साडेपाचला कंपनीच्या बससाठी घर सोडायचा, म्हणून संशय त्याच्यावरही होता.

“चोरी कसली?” तो म्हणाला. “ती फुलं तर रोज फाटकासमोर असतात.”

“कुठे फाटकासमोर?”

“रांगोळीत. शेणाचे गोळे ठेवलेले असतात ना, त्यांच्यात खोचलेली. मी रोज ओलांडून जातो.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“मला वाटलं तूच देतेस.”

“मी माझी फुलं शेणात खोचायला देईन?”

“तुझ्या वहीत असेल कुठेतरी, असं वाटलं.”

मार्गळीत इथे घराघरांसमोर पहाटे मोठे कोलम, म्हणजे रांगोळ्या, निघतात, एवढं मला माहीत होतं. कोलमच्या मधोमध शेणाचे गोळे ठेवून त्यांत भोपळ्याची पिवळी फुलं खोचतात, हे माहीत नव्हतं, कारण मी पावणेनऊला स्कूटर काढायचे तोवर अक्कांनी गोळे उचलून बाजूच्या भिंतीवर थापलेले असत. पोंगलच्या चुलीसाठी त्या गोवऱ्या वाळवतात. दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढायच्या आधी भिंतीपाशी गेले. नीट रांगेत लावलेल्या गोवऱ्या होत्या आणि एकेकीच्या पोटात माझं एकेक नॅस्टर्शियम चपटं होऊन बसलं होतं. काहींची शेपटंसुद्धा ओळखू येत होती.

आता अक्कांना फुलं का लागली हेही सांगायला हवं. समोरच्या घरात एक तमिळ मामी राहत. त्यांच्या कुंपणावर भोपळ्याचा वेल होता आणि अख्ख्या गल्लीत मार्गळीतली फुलं फक्त त्यांच्याकडे. अक्का दर वर्षी त्यांच्याकडे फुलं मागायला जात आणि मामी दर वर्षी मोजून दोन देत. हे दोनचं दुखणं मी मागच्या मार्गळीतही रोज ऐकलं होतं. यंदा अक्का काहीच बोलत नव्हत्या, हे खरं तर मी यादीत पहिल्या ओळीला लिहायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नवऱ्याच्या मागोमाग मीही खाली उतरले. देवळातला लाउडस्पीकर सुरू झाला होता. अक्का ओल्या केसांचा आंबाडा घालून फाटकासमोर वाकल्या होत्या. कोलम खरोखर देखणा होता. नऊ गोळे, नऊ फुलं. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून काय बोलायचं ते मनात जुळवत होते, तेवढ्यात समोरून मामी आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी कोलम पाहिला, मग वाकून एक फूल जवळून पाहिलं.

मामींशी आमचं बोलणं तमिळमध्ये व्हायचं, म्हणजे त्या दोघींचं तमिळमध्ये आणि माझं मोडकंतोडकं.

“एवढंसं भोपळ्याचं फूल?” मामी म्हणाल्या. “आणि मागे हे शेपूट कसलं?”

अक्का हातात रांगोळीची चिमूट धरून तशाच राहिल्या. मग त्यांची नजर वर आली आणि जिन्यात उभी असलेली मी त्यांना दिसले. सगळं त्यांना एका क्षणात कळलं. मी एक वाक्य बोलले असते तर त्यांना गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण पोंगलला बाराच दिवस राहिले होते आणि गच्ची अजून त्यांचीच होती.

“मामी, हा पुण्याकडचा भोपळा,” मी म्हणाले. “जातच लहान असते.”

“फळ धरतं?”

मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं, पण अक्का माझ्या आधी बोलल्या. “धरतं तर. पोंगलला पहिलं फळ तुम्हालाच.”

मामी मान हलवून परत गेल्या. अक्का उठून जिन्यापाशी आल्या.

“अक्का, नॅस्टर्शियमला भोपळा लागत नाही.”

“तें मला ठाऊक नाही कां? भोपळा कोण म्हणालें? तूं. आतां फळ नोको असें कसें म्हणूं?”

“फुलं विचारून न्यायची होती.”

“गच्ची कोणाची?”

“गच्ची तुमची. कुंड्या माझ्या.”

“मग अर्धीं फुलें माझीं. मी कधीं निम्म्याहून जास्त नेलीं नाहींत.”

“सोळातली दहा नेलीत. वहीत आहे.”

“वही घाल चुलींत,” अक्का म्हणाल्या, पण हळू, कारण मामींची खिडकी उघडी होती. “ऐक गे. पोंगलच्या आधीं एक भोपळा पैदा कर. लहान. मामीस पटला तर तुझ्या कुंड्या बाराही महिने राहूं देत. आणि मामीस कळलें तर त्याच दिवशीं सगळ्या खालीं. लिही पाहिजे तर.”

मी लिहिलं.

भोपळा जवळच्या बाजारातून आणण्यात अर्थ नव्हता, कारण तिथले सगळे भाजीवाले मामींचे ओळखीचे. बँकेतल्या एक सहकारी बाई पेरुंगुडीला राहत. त्यांना सांगितलं, लहान भोपळा, देठासकट. त्यांनी दोन बस बदलून जो आणला तो दोन हातांत मावत नव्हता. त्यांच्या घरात लहान म्हणजे आठ माणसांना पुरेल इतका. अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या करंगळीएवढ्या वेलाकडे पाहिलं.

“हा लागला तर वेल त्याच्याखालीं मरेल.”

त्या भोपळ्याचे मी घारगे केले, भरीत केलं, उरला त्याचं अक्कांनी सांबार केलं, आणि पाचव्या दिवशी नवऱ्याने भोपळ्याचं नाव घरात काढायचं नाही अशी ताकीद दिली. म्हणून पुढचा भोपळा त्यालाच आणायला लावला. श्रीपेरुंबुदूरला बसथांब्यापाशी शेतकरी बसत. तिथून त्याने मोसंबीपेक्षा जरा मोठा, देठ हिरवागार असलेला एक शोधून आणला. येताना बसमध्ये शेजारच्याने तो कशासाठी हे विचारलं, आणि नवऱ्याने खरं सांगितलं, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून पुढचे कित्येक महिने त्याला बसमध्ये ‘वेल कसा आहे’ असं विचारत.

माझ्या मते भोपळा पिशवीत घालून मामींना नेऊन दिला की काम संपलं. अक्कांना ते मान्य नव्हतं.

“मामीची गच्ची समोर आहे. ती रोज कपडे वाळत घालते. वेलावर भोपळा दिसला नाही आणि एकदम हातांत आला, हें कोणी मानील कां?”

म्हणून भोगीच्या दोन दिवस आधी आम्ही दोघींनी संध्याकाळी तो भोपळा कठड्याशी वेलात बांधला. सुतळी माझी, गाठ अक्कांची. वर चार मोठी पानं पसरली. अक्कांनी भोपळ्याला थोडी माती फासली, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि आणखी थोडी फासली. सत्तरीला टेकलेल्या बाईला मी इतकं मन लावून काही करताना आधी एकदाच पाहिलं होतं, वडाम घालताना. दुसऱ्या दिवशी एक कावळा येऊन भोपळ्यावर बसला आणि वेलाचा तो भाग अर्धी वीत खाली लोंबला. अक्का खालून धावत आल्या. त्यांनी आणखी एक गाठ मारली.

भोगीच्या सकाळी मामी फाटकात हजर.

“मीच खुडून आणतें,” अक्का म्हणाल्या आणि घाईत ते मराठीत म्हणाल्या, त्यामुळे मामींनी तिकडे लक्षच दिलं नाही.

“पहिलं फळ आपल्या हाताने खुडायचं,” मामी म्हणाल्या आणि जिना चढायला लागल्या. त्यांच्या मागे अक्का, अक्कांच्या मागे मी. त्या बत्तीस पायऱ्यांत मी कुंड्या खाली नेण्याचा क्रम मनात लावून टाकला. जड आधी, जिन्याजवळच्या शेवटी.

मामी सरळ भोपळ्यापाशी गेल्या. चार पानं बाजूला केली. सुतळी पाहिली. मग नखाने गाठ सोडवायला लागल्या. अक्कांच्या दोन्ही गाठी पक्क्या होत्या, त्यामुळे वेळ लागला. तोवर आम्ही दोघी आकाशाकडे बघत उभ्या. शेवटी भोपळा सुटला. मामींनी तो पदराने पुसला, माती कुठे कुठे आहे ते पाहिलं आणि म्हणाल्या, “पुण्याकडे भोपळा गाठ मारून लागतो, हे मला नवीन.”

मामींनी वेलाचं एक फूल खुडलं आणि सरळ तोंडात टाकलं.

“त्या दिवशी तुम्ही आत गेल्यावर मी कोलममधलं एक फूल नेलं होतं. रसम उकळत होतं, त्यात टाकणार होते. आधी एक पाकळी चावून पाहिली. भोपळ्याचं फूल तिखट लागत नाही.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?” मी विचारलं.

“भोपळा कसा येतो ते बघायचं होतं,” मामी म्हणाल्या.

मी वाकून पहिली कुंडी उचलली. जड होती. मामींना कळलं होतं आणि अट माझ्याच अक्षरात लिहिलेली होती.

“मला याच्या बिया द्याल ना?” मामींनी मला विचारलं. “यंदा भोपळ्याच्या वेलाला कीड लागली, फुलं पुरत नाहीत. पुढच्या मार्गळीला मी हीच लावीन. आमची गच्ची मोठी आहे, पंधरा कुंड्या बसतील.”

हे ऐकून अक्का जागच्या हलल्या.

“ती कुंडी ठेव खालीं,” त्या मला म्हणाल्या.

“तुम्हीच म्हणाला होतात, मामींना कळलं तर...”

“ठेव म्हणतें ना. तिच्याकडे पंधरा आणि माझ्या गच्चीवर एकही नाही, असें दाखवूं कां गल्लीस? आठ कशा पुरतील? तूं आणखी आण. वीस आण.”

“मग वडाम कुठे घालणार?”

अक्का मामींकडे वळल्या आणि तमिळमध्ये अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “बिया देऊ. पण यंदा आमचे वडाम तुमच्या गच्चीवर वाळतील.”

मामींनी जरा विचार केला. “राखण तुम्ही करायची,” त्या म्हणाल्या. “आमच्या गच्चीवर माकडं येतात.”

“आणि तुम्ही किती खाणार?” अक्कांनी विचारलं.

मामींनी भोपळा काखेत धरला आणि जिना उतरल्या. त्याचं त्यांनी दुसऱ्या दिवशी पोंगलला सांबार केलं आणि वाटीभर आमच्याकडे पाठवलं. नवऱ्याने झाकण उघडून पाहिलं आणि परत लावलं.

फेब्रुवारी संपता संपता उन्हाने वेल पिवळे पडले आणि आठवडाभरात वाळून गेले. चेन्नईत त्यांना तेवढंच आयुष्य. कुंडीतल्या मातीत बिया पडल्या होत्या त्या मी चाळून काढल्या, चांगल्या बिया निवडून कागदाच्या दोन पुड्या केल्या. मामींसाठी तीस मोजल्या, बाकीच्या आमच्या. अक्का वडामाची राखण करायला समोर निघाल्या होत्या, तेव्हा मामींची पुडी त्यांच्याच हातात दिली. जिन्याच्या वळणावर त्या थांबल्या, पुडी उघडली, दहा बिया वेचून आपल्या कनवटीला लावल्या, पुडी पुन्हा नीट बांधली आणि समोर गेल्या.